सोयाबीनचा प्रकल्प उभारावा की थांबावे: धोरण ठरवताना दूरदृष्टी आणि दृष्टिकोन यांचे स्थान

औसा–निलंगा पट्ट्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कंपनीकडे सध्या एक गोदाम आणि क्लिनिंग-ग्रेडिंगचे युनिट आहे. काही संचालकांना सरकारी अनुदान आणि मुदत कर्ज घेऊन सोयाबीनपासून तेल आणि पेंड काढणारा प्रकल्प उभारायचा आहे, तर काहींना त्यात धोका वाटतो. प्रकल्प अहवाल तयार करणाऱ्या सल्लागाराने पुढच्या दहा वर्षांचे 'व्हिजन' लिहून मागितले आहे. ज्या भागात पुढच्या पंधरवड्याचा पाऊस आणि पुढच्या महिन्याचा भाव सांगता येत नाही, तिथे दहा वर्षांच्या दूरदृष्टीला काही अर्थ आहे का, असे संचालकांनी विचारले आहे. मराठवाड्यातील सहकारी संस्था आणि उत्पादक कंपन्यांच्या नियोजनाचे काम मी दीर्घकाळ करत आलो आहे आणि त्याच अनुभवाच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे.

पाऊस आणि भाव यांचे भाकीत करता येत नाही, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. अशा भाकितावर उभारलेले धोरण पहिल्याच वाईट हंगामात कोसळते, हेही आपण आपल्या भागात पुरेसे पाहिले आहे. परंतु त्यावरून दहा वर्षांचा विचार निरर्थक ठरत नाही. पुढे जे घडणार आहे त्यातील बराच भाग आजच ठरून गेलेला असतो आणि उरलेला भाग खरोखर अनिश्चित असतो. हे दोन भाग एकमेकांपासून वेगळे काढणे, आणि प्रत्येकाशी वेगळ्या रीतीने वागणे, हे दूरदृष्टीचे मुख्य काम आहे. हे काम किती नीट होईल ते मात्र आपण कुठे उभे राहून पाहतो यावर ठरते. एका जागेवरून जी गोष्ट पूर्णपणे अकल्पित वाटते, ती दुसऱ्या जागेवरून कित्येक महिने आधी दिसत असते. म्हणून धोरणाच्या कामात मी दृष्टिकोनाला आधीचे आणि दूरदृष्टीला नंतरचे स्थान देतो.

गोदावरीच्या काठावर राहणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. पैठणला आकाश कोरडे असताना नाथसागराची, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाची, पातळी वाढत असते, कारण पाऊस नाशिकच्या घाटमाथ्यावर झालेला असतो आणि गंगापूर, दारणा या धरणांमधून सोडलेले पाणी नांदूर मधमेश्वरवरून खाली निघालेले असते. पैठणच्या आकाशाकडे पाहून ज्याला काहीच कळत नाही, त्याला नाशिकच्या विसर्गाचे आकडे माहीत असतील तर पुढचे काही दिवस स्पष्ट दिसतात. त्याने केलेले हे भाकीत नसते. घडून गेलेल्या गोष्टीचा परिणाम आपल्यापर्यंत पोहोचायला किती वेळ लागेल, एवढेच त्याने मोजलेले असते. व्यवसायाच्या धोरणातही ज्याला आपण दूरदृष्टी म्हणतो, तिचा मोठा हिस्सा अशा मोजणीचाच असतो.

उद्योगविश्वात या विचाराचे सर्वांत जास्त अभ्यासले गेलेले उदाहरण रॉयल डच शेल या तेल कंपनीचे आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कच्चे तेल स्वस्त होते आणि मागणी दरवर्षी वाढत होती, त्यामुळे बहुतेक कंपन्यांच्या योजना जुनी रेघ पुढे ओढून तयार होत असत. शेलमधील पिअर वॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच आकडे तेल विकणाऱ्या देशांच्या राज्यकर्त्यांच्या जागेवरून पाहिले. ज्या देशाची लोकसंख्या थोडी आहे आणि जमिनीखालचे तेल संपणारे आहे, त्याला खर्च करता येणार नाही इतका पैसा मिळवण्यासाठी उत्पादन वाढवत राहण्याचे कारण काय, असा त्यांचा साधा प्रश्न होता. त्यातून भाव एकाएकी भडकण्याची शक्यता त्यांनी कंपनीच्या व्यवस्थापकांपुढे आधीच मांडली. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलपुरवठ्यावर निर्बंध घातले आणि पिंपाला सुमारे ३ डॉलर असलेला भाव १९७४ च्या आरंभी १२ डॉलरच्या जवळ गेला. कोणत्या महिन्यात काय होईल हे शेललाही ठाऊक नव्हते. मात्र असे घडले तर काय करायचे याचा विचार त्यांच्या व्यवस्थापकांच्या मनात आधी होऊन गेला होता, आणि संकटाच्या काळात हा फरक फार मोठा ठरतो.

आता आपल्या सोयाबीनकडे येऊ. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, उभे राहिले तर भाव ठरताना दिसतो तो आवक, ओलावा, आडत्याचा अंदाज आणि प्लांटवाल्यांची खरेदी यांवरून. हे सगळे खरे आहे, परंतु ते साखळीचे शेवटचे टोक आहे. १०० किलो सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल निघते आणि ८० किलोच्या आसपास पेंड उरते. म्हणजे आपण तेलबिया पिकवतो असे म्हणत असलो तरी वजनाने आपण मुख्यतः पेंड पिकवतो. त्या पेंडीचे देशातील मोठे गिऱ्हाईक कुक्कुटपालन उद्योग आहे आणि उरलेली पेंड निर्यातीच्या बाजारात जाते, जिथे ब्राझील, अमेरिका आणि अर्जेंटिना हे तीन देश जगातील उत्पादनाचा बहुतांश वाटा हाताळतात. तेलाच्या बाजूने पाहिले तर देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो, त्यामुळे आपल्या तेलाचा भाव इंडोनेशिया-मलेशियाच्या पामतेलाशी आणि दिल्लीत ठरणाऱ्या आयातशुल्काशी बांधलेला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील मूळ शुल्क २० टक्के करण्यात आले आणि मे २०२५ मध्ये ते १० टक्क्यांवर आणण्यात आले. आपल्या प्रकल्पाचे कर्ज सात वर्षांचे असेल, तर इतक्या थोड्या महिन्यांत उलटसुलट फिरणारा हा आकडा त्या सात वर्षांत किती वेळा बदलू शकेल याचा विचार अहवालात कुठे आहे, ते पाहा.

आणखी एक पायरी मागे जाऊन पाहावे असे मला वाटते, कारण तिथे फार शिकण्यासारखे आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने २०३० वरून २०२५-२६ पर्यंत अलीकडे आणले. उसाच्या जोडीला मका आणि तांदूळ यांपासून इथेनॉल काढणारे कारखाने वाढले. धान्यापासून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो तो वाळवून पशुखाद्यात वापरतात. त्यात प्रथिने बरीच असतात आणि तो पेंडीपेक्षा स्वस्त पडतो. साहजिकच कोंबड्यांच्या खाद्यात सोयापेंडीची काही जागा त्याने घेतली. पेंडीची मागणी घटली की प्लांटची खरेदी सैल होते आणि मोंढ्यातला भाव उतरतो. २०२४ च्या खरिपात हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात दीर्घकाळ त्याखाली व्यवहार होत राहिले, त्याची कारणे अनेक आहेत. हे त्यांपैकी एक आहे. पेट्रोलपंपावरील धोरणाचा आणि औशाच्या शिवारातील सोयाबीनच्या दराचा संबंध मोंढ्यात उभे राहून दिसत नाही. परंतु इथेनॉलचे कारखाने एका रात्रीत उभे राहत नाहीत. त्यांची परवानगी, बांधकाम आणि खरेदी हे सर्व जाहीरपणे घडत होते, आणि पेंडीच्या जागेवरून पाहणाऱ्याला ते एक-दोन वर्षे आधी दिसू शकत होते.

याच्या उलट २०२१ चे वर्ष आठवावे. ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांच्या घरात गेले होते. कुक्कुटपालन उद्योगाने पेंडीच्या भावाबद्दल ओरड केली, केंद्राने १२ लाख टन जनुक-सुधारित सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली आणि नवा माल बाजारात येईपर्यंत भाव निम्म्याच्या आसपास आला. शेतकऱ्याच्या बांधावरून हा अन्याय वाटला, आणि तो वाटणे स्वाभाविक होते. धोरण करणाऱ्याने मात्र त्याच वेळी ग्राहक मंत्रालयाच्या आणि अंड्यांच्या व्यापाऱ्याच्या जागेवर जाऊन पाहायला हवे की इतका भाव कोण किती दिवस सहन करील. १०,००० रुपयांचा भाव गृहीत धरून ज्या संस्थांनी पुढच्या वर्षांची गणिते मांडली, त्यांच्या गणितात समोरच्या बाजूचा माणूसच नव्हता.

समोरच्याइतकाच शेजारीही महत्त्वाचा असतो. २०१५ मध्ये तुरीची डाळ किरकोळ बाजारात किलोला २०० रुपयांच्या जवळ गेली आणि पुढच्या खरिपात देशभर तुरीचा पेरा वाढला. पाऊसही चांगला झाला. २०१५-१६ मध्ये सुमारे २५ लाख टन असलेले देशाचे उत्पादन २०१६-१७ मध्ये ४८ लाख टनांच्या पुढे गेले आणि बोनससह ५,०५० रुपये हमीभाव असलेली तूर त्याहून कितीतरी कमी दराने विकावी लागली. खरेदी केंद्रांपुढे बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांच्या रांगा लागलेल्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. आपल्याला जो भाव दिसतो आहे तोच भाव बाकीच्या सर्वांनाही दिसतो आहे, आणि तो पाहून ते काय करतील, हा प्रश्न विचारल्याशिवाय केलेली कोणतीही योजना अपुरी असते. आपल्या प्रकल्पाच्या बाबतीत हा प्रश्न असा होतो: आपल्यासारख्या किती कंपन्यांना याच अनुदान योजनेतून याच यंत्रसामग्रीचा प्रस्ताव देण्यात आला आहे? देशातील सोयाबीन गाळपाची क्षमता उपलब्ध मालाच्या मानाने आधीच बरीच जास्त आहे आणि अनेक प्लांट वर्षातील काही महिने बंद किंवा अर्धवट चालतात. त्यात छोट्या कंपनीला परवडतो तो एक्स्पेलर, म्हणजे दाब देऊन तेल काढणारे यंत्र, ज्याच्या पेंडीत ६-७ टक्के तेल राहून जाते, तर द्रावकात विरघळवून तेल काढणाऱ्या सॉल्व्हंट प्लांटमध्ये ते १ टक्क्याच्या आसपास उरते. मोठ्या प्लांटशी तेलाच्या उताऱ्यात स्पर्धा करणे छोट्या कंपनीला शक्य नाही. तेलकट पेंडीसाठी जास्त दर देणारे वेगळे गिऱ्हाईक, उदाहरणार्थ जवळचे दुग्धव्यवसायिक, ठरलेले असेल तरच ते गणित बसते.

पाण्याच्या बाबतीत दृष्टिकोनाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. मांजरा खोऱ्यातील शेतकऱ्याने ऊस लावला, तर त्याच्या बांधावरून पाहता तो निर्णय अगदी शहाणपणाचा असतो. उसाला कायद्याने ठरलेला किमान दर आहे, कारखाना तोडणी-वाहतुकीची व्यवस्था करतो, अवकाळी पावसाने पीक सोयाबीनसारखे एका रात्रीत जात नाही आणि बँक कर्जही देते. कारखान्याच्या जागेवरूनही अधिक ऊस म्हणजे अधिक दिवसांचे गाळप. मात्र हेच सगळे निर्णय एकत्र करून पूर्ण खोऱ्याच्या पातळीवरून पाहिले की चित्र बदलते. आपल्या पायाखाली बेसाल्ट खडक आहे. तो पाणी साठवतो ते भेगांमध्ये आणि वरच्या झिजलेल्या थरात, आणि ती साठवण थोडी असते. लागोपाठ दोन वर्षे पाऊस कमी झाला की बोअर कितीही खोल नेला तरी उपयोग होत नाही. २०१४ आणि २०१५ या दोन वर्षांनंतर, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत ५ लाख लिटर पाणी होते. त्याच वर्षीच्या पावसाळ्याच्या शेवटी मांजरा धरण भरले. एकाच वर्षात घडलेल्या या दोन घटना मी धोरणाच्या प्रत्येक चर्चेत पुढे ठेवतो, कारण प्रकल्प अहवालांत बहुधा सरासरी पाऊस लिहिलेला असतो आणि आपल्या भागात सरासरी पाऊस असा क्वचितच पडतो. अहवालात तळ आणि माथा दोन्ही हवेत. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्यातील उभी पिके आणि जमिनी वाहून नेल्या, तेव्हा केवळ दुष्काळाची तयारी असलेल्यांचे काय झाले हे ताजे आहे.

ज्या गोष्टीचे भाकीत करताच येत नाही तिच्याबाबत काय करावे, याचे उत्तर आपल्याच परिसराने फार मोठी किंमत देऊन शिकवले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि सुमारे १०,००० माणसे गेली. हा भाग तेव्हाच्या नकाशात भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित गटात मोडत होता. भूकंपाची वेळ कोणालाही सांगता आली नसती. परंतु जाड दगडमातीच्या भिंती, वर मातीचे वजनदार माळवद, म्हणजे सपाट छत, आणि भिंतींना एकमेकांशी बांधून ठेवणारे काहीही नाही, ही घरांची अवस्था त्याआधी रोज डोळ्यांसमोर होती. धक्का केव्हा येईल हे अज्ञात असते, पण आपण कुठे ठिसूळ आहोत हे तपासता येते. आपल्या कंपनीत ही ठिसूळ जागा बहुधा खेळत्या भांडवलात असते, कारण हंगामात सहा आठवड्यांत सगळा माल खरेदी करावा लागतो आणि तो विकला जाईपर्यंत व्याज चालू असते. एका हंगामात भाव खरेदीनंतर २० टक्क्यांनी पडला, तर कंपनी उभी राहील का? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी भाव पडेल की नाही हे माहीत असण्याची गरज नसते.

आतापर्यंत बाहेर पाहिले. आता कंपनीच्या आत पाहू, कारण बहुतेक योजना तिथे अडतात. संचालक मंडळाच्या खोलीतून असे वाटते की सभासदाने ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये माल न विकता गोदामात ठेवला तर त्याचा फायदा आहे, आणि तरीही तो ठेवत नाही. त्याच्या घरातून पाहिले तर दिवाळी तोंडावर असते, पेरणीसाठी उधार आणलेल्या बियाणे-खताचे पैसे दुकानदाराला द्यायचे असतात, रब्बीचा हरभरा पेरायचा असतो, मळणी आणि मजुरीचे गुत्ते चुकते करायचे असते. आडत्या त्याला त्याच दिवशी रोख देतो आणि मधल्या काळात अडीनडीला उचलही देतो. या गरजेचा विचार न करता बांधलेले गोदाम रिकामे राहते. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीमार्फत मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते, आणि नोंदणीकृत वखारीच्या इलेक्ट्रॉनिक पावतीवरही बँका कर्ज देतात. तरीसुद्धा पैसे हातात यायला आठवडा लागत असेल तर सभासद आडत्याकडेच जाईल. इथे धोरणाचा खरा विषय गोदामाची क्षमता हा नसून पहिल्या तीन दिवसांत सभासदाच्या हातात किती रोख पडते, हा आहे.

अशी माहिती मंडळाला आपोआप मिळत नाही, ती मागून घ्यावी लागते. प्रतवारीच्या कामावरील बायांना कोणत्या गावचा माल ओला आणि मातीमिश्रित येतो हे पावतीवर लिहिण्याआधी माहीत असते. हमालांना कोणते वाहन मोंढ्याकडे वळले हे ठाऊक असते. घरात बियाण्यासाठी कोणते पोते बाजूला ठेवायचे, हे बहुतेक घरांत बाईच ठरवते. सोयाबीनच्या उगवणीवर बोलायचे असेल तर मला तिचे मत एखाद्या अहवालापेक्षा अधिक उपयोगी वाटते. २०२० च्या खरिपात विकत घेतलेले बियाणे उगवले नाही म्हणून मराठवाड्यात हजारो तक्रारी झाल्या, तेव्हा घरचे बियाणे उगवणशक्ती तपासून पेरणाऱ्यांचे नुकसान कमी झाले.

या सगळ्यांवरून आपल्या कंपनीपुरती वाटणी करायची झाली तर मी ती अशी करीन. बऱ्याच अंशी ठरून गेलेल्या गोष्टींमध्ये वाटण्या होऊन लहान होत जाणारी शेतजमीन, गावातून पुणे-मुंबईकडे जाणारे तरुण, त्यामुळे काढणी-मळणीच्या मजुरीत होणारी वाढ, मर्यादित भूजल आणि काढणीच्या तोंडावर येणाऱ्या जोरदार पावसाचा वाढता त्रास यांचा समावेश होतो. या गोष्टींशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांच्याशी जुळणारे काम कोणत्याही परिस्थितीत उपयोगी पडते. ओला माल वाळवण्याची सोय, विश्वासार्ह ओलावामापक, भाड्याने मळणी आणि पेरणी यंत्रे, रुंद सरी वरंब्यावर पेरणी, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या एमएयूएस मालिकेतील वाणांचे बीजोत्पादन, ही कामे भाव चढला काय किंवा पडला काय, तोट्याची ठरण्याची शक्यता कमी आहे. खरेदीसाठी १२ टक्के ओलाव्याची अट असताना नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राला ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली, यावरूनच वाळवण्याच्या सोयीची किंमत लक्षात यावी. बियाण्याच्या बाबतीत ७० टक्के उगवणशक्तीची मर्यादा गाठणे हे कौशल्याचे काम आहे आणि काढणीच्या पावसात भिजलेला माल त्यातून बाद होतो. परंतु या कौशल्यात आपल्या सभासदांना मोठ्या प्लांटशी स्पर्धा करावी लागत नाही.

खरोखर अनिश्चित गोष्टी दुसरीकडे आहेत: आयातशुल्क, पेंडीची निर्यात, इथेनॉल धोरण, अनुदान योजनेचे पुढील हप्ते. यांच्यावर आज मोठे कर्ज टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. याचा अर्थ प्रकल्पाचा विचार सोडून द्यावा असाही नाही. जागेचा दीर्घ मुदतीचा करार करून ठेवणे, वीजजोडणीची क्षमता तपासून घेणे, दुसऱ्याच्या प्लांटवर मजुरी देऊन आपल्या सभासदांचा काही माल गाळून घेणे आणि ते तेल व पेंड आपल्या नावाने विकून पाहणे, हे सर्व थोड्या खर्चात होते आणि पुढचा दरवाजा उघडा राहतो. दोन हंगाम असे केले की गिऱ्हाईक कोण आहे, पेंड किती दिवसांत विकली जाते आणि उधारी किती अडकते, हे अहवालातील अंदाजावरून नव्हे तर स्वतःच्या वहीवरून कळेल. त्यासाठी अनुदानाची एखादी मुदत हातची गेली तरी चालेल. अनुदान मिळते म्हणून घेतलेली यंत्रे धूळ खात पडलेल्या शेड आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत.

मोठा निर्णय केव्हा घ्यायचा, याच्या खुणा मात्र आजच लिहून ठेवाव्यात, कारण वेळ आल्यावर उत्साहाच्या भरात माणूस सोयीच्या खुणा शोधतो. सभासदांच्या एकूण सोयाबीनपैकी किती हिस्सा सलग दोन हंगाम कंपनीकडे येतो, ही माझ्या दृष्टीने पहिली आणि सर्वांत महत्त्वाची खूण आहे. सभासदाचा अर्धाअधिक माल अजून आडत्याकडे जात असेल, तर प्रकल्पाला लागणारा कच्चा माल आपल्याला मोंढ्यातूनच विकत घ्यावा लागेल, आणि मग आपण उत्पादकांची कंपनी न राहता भांडवल कमी असलेले व्यापारी होऊ. दुसरी खूण तेलकट पेंडीच्या कायम गिऱ्हाइकाची. तिसरी, खरेदीनंतर भाव पडल्यास तो धक्का सोसू शकेल असा राखीव निधी. आयातशुल्काची स्थिती चौथ्या क्रमांकावर येते, कारण ती आपल्या हातात नाही आणि बदलूही शकते.

निर्णयाच्या बैठकीबद्दल एक पद्धत सुचवतो, जी मी वारंवार वापरली आहे आणि जी मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी व्यवस्थापन क्षेत्रात रुजवली. संचालकांनी असे गृहीत धरावे की तीन वर्षे उलटली आहेत आणि प्रकल्प बंद पडला आहे. प्रत्येकाने कोणाशीही न बोलता दहा मिनिटांत त्याची कारणे कागदावर लिहावीत, आणि मग ती एकेक करून वाचावीत. आपल्याकडे बैठकीत वडीलधाऱ्या संचालकापुढे शंका काढणे अवमानाचे समजले जाते, त्यामुळे शंका असलेला माणूस गप्प बसतो आणि बाहेर आल्यावर बोलतो. अपयश आधीच गृहीत धरले की शंका काढणे हा अपमान राहत नाही, ते दिलेले काम होते. या बैठकीला बँकेचे शाखाधिकारी, मोंढ्यातील एखादा जाणता आडत्या आणि प्रतवारीवरील एक-दोन महिला यांनाही बोलवावे. आडत्याला बोलावण्यावर काही संचालक हरकत घेतील. तरीही बोलवावे, कारण कंपनी कुठे कमी पडते हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते आणि मान देऊन विचारले तर तो सांगतो.

राहिला दहा वर्षांच्या 'व्हिजन'चा कागद. सल्लागाराला तो हवा असेल तर जरूर द्यावा, परंतु त्यात उलाढालीचे आकडे वर्षागणिक वाढवत नेण्याऐवजी चार गोष्टी लिहाव्यात: आम्ही काय ठरून गेलेले समजतो, काय अनिश्चित समजतो, यंदा कोणती कामे नक्की करतो, आणि कोणत्या खुणा दिसल्यावर प्रकल्पाचा निर्णय घेऊ. दरवर्षी मार्चअखेर हिशेब पूर्ण झाल्यावर आणि पेरणीपूर्वी, म्हणजे मेच्या सुमारास, तो कागद मंडळापुढे पुन्हा ठेवावा आणि बदलाची तारीख व कारण त्यावरच नोंदवावे. यंदाच्या मे महिन्याच्या बैठकीसाठी आपल्याला सर्वांत आधी लागेल तो मागील दोन हंगामांत प्रत्येक सभासदाने पिकवलेल्या आणि कंपनीला दिलेल्या सोयाबीनचा गाववार तक्ता. खरेदीच्या पावत्या आपल्याकडे आहेतच. पेऱ्याचे क्षेत्र सात-बारावरील पीकपाहणीच्या नोंदींतून घेता येईल आणि एकरी उतारा गटप्रमुखांना विचारून भरता येईल.